कोमट भिंत

१

गेटवरच्या यंत्राने सलग चौथ्या दिवशी माझा अंगठा नाकारला.

"ताई, यंत्राच्या मते तुम्ही आलाच नाहीत," वॉचमन म्हणाला. "जा बघू परत घरी."

"त्याला म्हणावं, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी इथे येतेय," मी म्हटलं आणि वहीत सही करून आत गेले.

अंगठ्याचं मला नवल नव्हतं. एकतीस वर्षं मी दगड घासतेय, बोटांवरच्या रेषा कधीच पुसल्या गेल्यात. आमच्या प्रयोगशाळेत जमिनीच्या पोटातून काढलेले दगड येतात आणि मी त्यांच्या स्लाइड करते. दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि ओल्या कार्बोरंडमच्या पुडीवर घासत इतकी पातळ करायची, की उजेड आरपार जावा. शेवटच्या दहा फेऱ्या नुसत्या बोटांच्या अंदाजाने मारायच्या असतात. एक फेरी जास्त झाली तर दगड संपतो आणि हातात कोरी काच राहते. मला हे काम येतं, बाकी फारसं काही येत नाही, असं माझी मुलगी म्हणते.

त्या आठवड्यात हिरवा दगड आला होता. हिरव्या दगडावर तोंडाने वाफ सोडली की त्याला ओल्या मातीचा वास येतो. मी प्रत्येक दगडावर 'हाः' करून हुंगते. मॅडमना ते आवडत नाही, पण त्यांनी सांगायचं सोडून दिलंय.

मॅडम म्हणजे आमच्या भूगर्भशास्त्रज्ञ. वयाने माझ्यापेक्षा लहान, हुशार, आणि कुणी विचारलं नाही तरी समजावून सांगणाऱ्या.

"हा लाव्हा होता, काळाकुट्ट," त्या म्हणाल्या. "मग खाली गाडला गेला. तिथे तीन-चारशे अंश उष्णता, दगडाच्या मानाने कोमटच. थोडा दाब, थोडं पाणी आणि भरपूर वेळ. वितळला नाही, फुटला नाही. घनच राहिला आणि आतून कण न् कण बदलला. गंमत म्हणजे कणांचे आकार जुनेच राहतात. बाहेरची रेघ तीच, आतला ऐवज दुसरा. याला आम्ही निम्न दर्जाचं रूपांतरण म्हणतो."

"म्हणजे आमच्या लग्नासारखंच," मी म्हटलं.

मॅडम हसल्या, पण त्यांचं संपलं नव्हतं. "आणि यात एकटा दगड कधी बदलत नसतो. त्याच उष्णतेत, त्याच दाबाखाली जे जे शेजारी असेल ते सगळं आपापल्या परीने बदलतं. एक सापडला की बाकीच्यांचं समजून चालायचं."

मी मान हलवली. माझं अर्धं लक्ष रविवारकडे होतं. रविवारी मुलगी येणार होती, दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन, चांगली तीन महिने राहायला. वर्षभर ती घरी आली नव्हती, आणि नात मी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिली होती.

२

आमचे हे ड्रिलर होते. जमिनीला भोक पाडून खालचा दगड लांबलचक दांड्यासारखा बाहेर काढायचा, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. त्या दांड्याला कोअर म्हणतात. कोअर बाहेर आला की हे बोटाच्या पेराने त्यावर दोनदा ठोकायचे आणि कान लावायचे. धड दगड टणकन् वाजतो, आतून सुटलेला दगड बद्द वाजतो. साइटवर त्यांना सगळे ठकठक्या म्हणायचे. घरीही तेच. दार, कलिंगड, माझी पाठ, काही सुटायचं नाही. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तरी सवय होतीच.

गेल्या काही महिन्यांत मात्र त्यांनी ठोकणं सोडलं होतं. मी मनात म्हटलं, वय झालं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं.

त्या दिवशी घरी आले तर हे मागच्या खोलीत पाळण्याचे स्क्रू आवळत बसले होते. चेहरा ओढलेला होता, पण डोळ्यांत मिश्किलपणा होता.

"हात पुढे कर," ते म्हणाले, आणि माझ्या तळव्यावर एक काडेपेटी ठेवली. "तुझ्यासाठी कोअर आणलाय."

आत मुतखडा होता, वाटाण्याएवढा, तपकिरी आणि खडबडीत.

"पडला एकदाचा? मला फोन का नाही केलात?"

"फोन करून काय, तू बाहेरून ओढणार होतीस?"

अकरा वर्षांपूर्वी त्यांचा पहिला खडा पडला, तेव्हा मी त्याची स्लाइड केली होती. निव्वळ थट्टा म्हणून. मायक्रोस्कोपखाली तो सुरेख दिसला होता, कांद्याच्या चकतीसारखी एकात एक वर्तुळं, सगळी मधाच्या रंगाची. ती स्लाइड अजून प्रयोगशाळेतल्या माझ्या खणात आहे. नवरा इतका पारदर्शक करून ठेवणारी दुसरी बाई दाखवा, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते.

मी पाळण्याजवळ खाली बसले आणि पाठ भिंतीला टेकवली. भिंत कोमट होती. ती बरेच दिवस कोमट होती. त्या भिंतीच्या पलीकडे लाँड्री आहे, तिच्या इस्त्र्या दिवसभर तापतात, त्यामुळे मी कधी मनावर घेतलं नव्हतं. उलट बाळाला ऊब राहील म्हणून पाळणा तिथेच लावायचं ठरवलं होतं.

"दार घासायला हवं," मी म्हटलं. "परत अडकतंय."

"घरातली सगळीच दारं अडकतात. चौकटी दबल्यात," हे म्हणाले. त्यांनी मोठ्ठी जांभई दिली.

जांभईची वाफ माझ्या तोंडावर आली आणि मला ओल्या मातीचा वास आला.

मी हातातल्या काडेपेटीकडे पाहिलं. मग स्वतःचे हात हुंगले. दिवसभर हिरवा दगड घासला होता, वास माझ्याच हातांना असणार. मी उठून साबणाने दोनदा हात धुतले. नंतर हे चहा प्यायला खुर्चीवर बसले, तेव्हा खुर्चीचे चारही पाय फरशीवरच्या रबरी चटईत रुतले. माणूस होता तेवढाच होता. शर्टही मागच्या वर्षीचाच, ढगळ होणारा. मी चटई जुनी झाल्याचं स्वतःला सांगितलं.

३

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खडा कापला. घरची कामं सुट्टीतच करायची, आणि काचेवर नंबर कोरायचा नाही, हा माझा नियम. नंबर पडला की ते सरकारी होतं.

खडा कापताना करवतीचा आवाज मला आवडला नाही. मुतखडा मऊ असतो, साबण कापल्यासारखा जातो. हा कुरकुरत गेला. शेवटच्या दहा फेऱ्या मी जपून मारल्या, काच पुसली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली.

वर्तुळं होती. एकात एक, अगदी तशीच. पण मध नव्हता. कडेपासून आत सगळं फिकट हिरवं होतं. मी मायक्रोस्कोपमधली उजेड गाळणारी दुसरी काच आडवी सरकवली, तशी ती वर्तुळं शाईसारखी निळी झाली.

तो निळा मला पाठ आहे. हिरव्या दगडातलं क्लोराइट नावाचं खनिज त्या काचेखाली तसं निळं होतं. दुसऱ्या कशातही मी तो निळा पाहिलेला नाही.

अगदी मधोमध, टाचणीच्या डोक्याहून लहान, एक मधाच्या रंगाचा ठिपका उरला होता.

पहिला विचार मनात आला तो असा, की मी घासायची पाटी धुतली नव्हती. सकाळभर तिच्यावर हिरवा दगड घासला होता, त्याचीच पूड खड्यात भरली असेल. पण भरलेली पूड कुठेही भरते, वर्तुळं पाळत नाही. मग वाटलं, काचा बदलल्या. नंबर कोरला नव्हता, टेबलावर आठ-दहा स्लाइड पडल्या होत्या, एखादी हिरव्या दगडाची उचलली असेल. मी सगळ्या पुन्हा मोजल्या, एकेक लावून पाहिली. एकतीस वर्षांत माझी स्लाइड कधी हरवली नव्हती, आणि त्या क्षणी ती हरवलेली असावी असं मला मनापासून वाटत होतं.

"काय लावलंय?" मॅडम जेवून आल्या होत्या. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही, सरळ डोळा लावला.

"वा! कुठल्या भोकातला हा?"

"नंबर राहिला घालायचा."

"बघा, वर्तुळं जुनी आहेत, आतला ऐवज नवा. काल सांगितलं तेच. आणि मधला ठिपका पाहिलात? तो अवशेष. तिथे अजून पोचलेलं नाही."

"तो राहील का तसाच?"

"दगड तिथून बाहेर निघाला तर राहील. परिस्थिती तीच असेल तर जाईल." त्यांनी मान वर केली. "तुम्हाला बरं नाही का? चेहरा असा का झालाय?"

"जेवले नाही अजून," मी म्हटलं. ते खरंही होतं.

४

मॅडम गेल्यावर मी खण उघडला. म्हणजे उघडायला गेले आणि तो अडकला. दोन्ही हातांनी ओढून काढला. अकरा वर्षांपूर्वीची स्लाइड कागदात गुंडाळलेली होती. ती लावली. मध, सगळीकडे स्वच्छ मध, कडेपर्यंत.

माझ्या जिवात जीव आला, पण तो एक घोट पाणी पिण्यापुरताच. जुनी स्लाइड चांगली आहे याचा अर्थ माझे डोळे ठीक आहेत, मायक्रोस्कोप ठीक आहे. मग नव्या स्लाइडला सबब कुठली उरते?

मी लवकर निघाले. डोक्यात एकच घोळत होतं, की खडा म्हणजे माणूस नव्हे. शरीराने टाकून दिलेला कचरा तो, त्यात काहीही असू शकतं. पाण्यामुळे झालं असेल. साइटवर तीस वर्षं कुठलं कुठलं पाणी प्यायलेत हे. डॉक्टरला दाखवू, तो हसेल, आपणही हसू. रविवारला तीन दिवस होते. बाळासाठी दुपटी शिवायची होती, दूधवाल्याला सांगायचं होतं. मला माझ्या घरात ते मूल हवं होतं, इतकं की त्याचं वजन दोन महिने मी माझ्या रिकाम्या हातांवर तोलून पाहत होते.

नेहमी मी पुढच्या रस्त्याने येते. त्या दिवशी का कोण जाणे, मागच्या गल्लीने आले. लाँड्रीचं शटर खाली होतं. कुलुपावर गंज चढला होता, फळीवरच्या अक्षरांचा रंग उडाला होता.

शेजारी चपलावाला बसतो. मी विचारलं, "आज बंद का?"

"आज?" तो म्हणाला. "बाई, ते गेले की सोडून. सात-आठ महिने झाले. आत काही नाही, वीजही तोडली."

मी शटरवर हात ठेवला. पत्रा थंडगार होता.

५

घरी गेले ती तशीच, चपला न काढता, मागच्या खोलीत. हे पाळण्याला मच्छरदाणी बांधत होते. मी भिंतीवर तळवा ठेवला.

कोमट. दुधाची बाटली हातावर पाहतो तेवढी.

"पलीकडे लाँड्री नाही," मी म्हटलं.

"माहितेय," हे म्हणाले. त्यांचे हात मच्छरदाणीत अडकले होते. पाठ माझ्याकडे होती.

मी काय करतेय ते मला कळायच्या आत मी पुढे झाले आणि बोटाचं पेर वाकवून त्यांच्या पाठीवर, डाव्या खवाट्याखाली, दोनदा ठोकलं.

टण्ण.

आवाज बारीक होता. खोलीत दुसरा आवाज नव्हता म्हणून ऐकू आला. माणसाच्या पाठीवर ठोकलं तर काय वाजतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आत हवा असते, रक्त असतं. हे ते नव्हतं. धड, एकसंध, कुठेही न सुटलेला दगड वाजतो तसं ते वाजलं.

हे हळूच वळले. मला वाटलं, घाबरतील, निदान चिडतील. त्यांचा चेहरा मात्र पकडल्या गेलेल्या माणसासारखा झाला होता.

"कसं वाजलं?" त्यांनी विचारलं.

मी नुसती मान हलवली.

"मला स्वतःच्या पाठीवर ठोकता येत नाही," ते म्हणाले. "म्हणून तुला खडा दिला. म्हटलं, तू बघशील. तुझ्या नजरेतून सुटायचं नाही."

मी स्लाइडमधल्या हिरव्या वर्तुळांचं आणि मधोमध उरलेल्या मधाच्या ठिपक्याचं भराभर सांगून टाकलं. "डॉक्टरकडे जाऊ. आत्ताच्या आत्ता जाऊ. तुमच्या एकट्याचं काहीतरी..."

"बस जरा."

"मला बसायचं नाही!"

"अगं, बस."

मी बसले नाही. ते माझ्या मागे आले. त्यांनी माझ्या खांद्यावर एक हात ठेवला, जड हात, आणि दुसऱ्या हाताने, तितक्या महिन्यांनी पहिल्यांदा, माझ्या पाठीवर दोनदा ठोकलं.

मला समोरच्या कपाटाच्या आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. तीस वर्षं कोअरला कान लावून जो चेहरा व्हायचा तोच. डोळे मिटलेले, मान जरा कललेली. आवाज माझ्या पाठीतून मलाही आला. मी तो इथे लिहीत नाही. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा ते भरलेले होते.

"उन्हाळ्यातच कळलं होतं," ते म्हणाले. "तू भांडी घासत होतीस. मी सहज ठोकलं, नेहमीसारखं. मग परत नाही ठोकलं. म्हटलं, नाही ऐकलं तर नसेलच."

गेटवरचं यंत्र मला आठवलं. माझा अंगठा त्याला चार-पाच दिवसच ओळखू येत नव्हता. त्याआधीची कित्येक वर्षं, रेषा पुसलेल्या असतानाही, ते ओळखत होतं.

आमच्या दोघांच्या मधे पाळणा होता. त्यात मी सकाळीच छोटी उशी ठेवली होती.

६

फोन मीच केला. हे म्हणाले मी करतो, पण त्यांना खोटं बोलता येत नाही.

"आई! अगं, तिचे मोजे सापडत नाहीत, तू विणलेले," मुलगी म्हणाली. मागे बाळ कुरकुरत होतं. "बॅग भरून झाली बघ जवळजवळ."

"तू येऊ नकोस," मी म्हटलं.

"काय?"

"माझ्याच्याने होणार नाही. मला नोकरी आहे. मूल सांभाळायचं माझं वय नाही आता."

"आई, तूच म्हणालीस ना ये म्हणून? रोज फोन करून डोकं खात होतीस."

"म्हणाले होते. आता नाही म्हणतेय."

तिने बाळाला थोपटल्याचं ऐकू आलं. मग समजूतदारपणे म्हणाली, तिचा तो समजूतदारपणा मला अजून ऐकू येतो, "बरं. मग तूच ये इकडे. आठ दिवसांसाठी. बाबांनाही आण. तिला एकदा मांडीवर तरी घे."

मी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ते बदलणं भिंतीतून येत होतं की आता आमच्यातूनच पुढे जात होतं, हे मला कळत नव्हतं. एक सापडला की बाकीच्यांचं समजून चालायचं. मग ज्या मांडीवर ते मूल ठेवलं जाईल, त्या मांडीचं काय?

"मला हौस नाही गं या सगळ्याची," मी म्हटलं. "तुझं तू वाढव."

"आई, तुझं हृदय आहे की दगड?" ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. बाळ आता मोठ्याने रडत होतं. "परत नाही विचारणार तुला कधी." तिने फोन ठेवला.

मी फोन हातात धरून तशीच बसले. छातीत डाव्या बाजूला असं काही रुतलं होतं की श्वास आत घेता येईना. मला ओरडून रडायचं होतं. तिला परत फोन लावून सगळं सांगावं, माझ्या लेकी, मला तुम्ही दोघी हव्या आहात, एवढं तरी म्हणावं, असं वाटत होतं. मी फोन पालथा ठेवला.

हे येऊन शेजारी बसले. कोच कण्हला.

"सांगितलंस?"

"हो."

"बोचतंय का?"

"फार," मी म्हटलं. "फार बोचतंय हो."

त्यांनी माझा हात हातात घेतला. दोन्ही हात कोमट होते, कुठला कुणाचा ते डोळे मिटले तर कळलं नसतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "बोचतंय म्हणजे मधला ठिपका आहे अजून."

आम्ही दोघांनी मिळून पाळणा सुटा केला, स्क्रू एका पिशवीत बांधले आणि फळ्या माळ्यावर टाकल्या. उशी मी माझ्याजवळ ठेवली. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही, आणि न जेवल्याचं मला समाधान वाटलं.

सकाळी जाग आली तेव्हा मी हललेही नाही. डोळे मिटून आधी मुलीचा तो फुटलेला आवाज आठवला, शब्द न् शब्द, मग बाळाचं रडणं, आणि वाट पाहिली.

हे कुशीवर वळून माझ्याकडे बघत होते. "बोचतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी पुन्हा एकदा आठवून पाहिलं.

"कालच्यापेक्षा कमी," मी म्हटलं.